वंगणाची मुदतवाढ

अपघातांच्या तारखा स्मरणात राहतात. वृत्तपत्रे त्या छापतात, आप्तस्वकीय त्या दिवशी दिवा लावतात. परंतु त्या अपघातास कारण झालेले निर्णय कोणत्या साली झाले, त्यांवर कोणी विचार केला आणि त्या वेळी कागदावर काय लिहिले गेले, हे सहसा कोणी विचारीत नाही. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे २६१ क्रमांकाचे उड्डाण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, अनाकापा बेटाच्या उत्तरेस, पॅसिफिक महासागरात कोसळले आणि विमानातील ८८ जण मृत्युमुखी पडले. या घटनेचे वैशिष्ट्य असे की येथे अपघाताच्या एका तारखेमागे निर्णयांच्या अनेक तारखा नोंदलेल्या सापडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २००२ मध्ये अंतिम अहवाल दिला आणि त्यात १९८७, १९८८, १९९१, १९९४ व १९९६ या सालांचा हिशेब मांडला. तो हिशेब वंगणाचा होता.

दूरदेशीच्या एका जुन्या अपघाताशी आपणांस काय कर्तव्य, असे वाचकांपैकी कोणी म्हणतील. परंतु आपल्या समाजातील घरे पाहिली तर मुले पुण्या-मुंबईस, नातवंडे सिंगापूर-शिकागोस, आणि दिवाळीला वा लग्नकार्याला सारे विमानानेच येणार, अशी परिस्थिती आहे. ज्या यंत्रावर आपण आपली माणसे सोपवितो, त्याची देखभाल केव्हा करावयाची आणि केव्हा पुढे ढकलावयाची हे कसे ठरते, याची माहिती असणे गैर नव्हे. शिवाय आमच्या नोकरीची बहुतेक वर्षे सरकारी फायलींत गेल्यामुळे 'मुदतवाढ' हा शब्द दिसला की आमचे लक्ष तेथे आपोआप जाते.

प्रथम यंत्राविषयी थोडेसे. अपघातग्रस्त विमान एमडी-८३ जातीचे, १९९२ साली बांधलेले होते. त्याची मूळ रचना १९६५ साली प्रथम उडालेल्या डीसी-९ या विमानाची. या जातीच्या विमानांत उभ्या शेपटीच्या अगदी माथ्यावर एक आडवा पंख असतो. विमानाचे नाक वर राहावे की खाली, याचा तोल हा पंख किंचित कलवून साधतात. तो कलविण्याचे काम एक लांब पोलादी स्क्रू करतो. सुमारे दोन फूट लांबीचा हा स्क्रू पितळेच्या जातीच्या मिश्रधातूच्या एका नटातून फिरतो आणि फिरताना पंखाची पुढची कड वर किंवा खाली नेतो. लोहाराच्या दुकानातील शेगडा ज्याने पाहिला आहे त्यास ही रचना लगेच उमगेल. नटाचा धातू मुद्दाम स्क्रूपेक्षा मऊ ठेवलेला असतो; झीज व्हायची ती नटाच्या आट्यांची व्हावी, अशी योजना. ही झीज सावकाश व्हावी म्हणून वंगण घालावयाचे, आणि ती किती झाली हे मधूनमधून मोजावयाचे. साऱ्या विमानाचा तोल या दोन कामांवर अवलंबून होता, कारण नटाचे आटे पूर्णपणे गेले तर पंखाला धरून ठेवणारे दुसरे काहीच त्या रचनेत नव्हते. आट्यांच्या दोन स्वतंत्र माळा होत्या, एक तुटली तर दुसरी धरील म्हणून. परंतु झीज होते ती दोन्हींची एकाच वेळी, हा विचार तेथे कमी पडला. बैलगाडीच्या कण्याला वंगण घालणारा आमच्या माळव्यातील गाडीवानसुद्धा दोन्ही चाकांची काळजी एकदमच करीत असे.

डीसी-९ तयार झाले तेव्हा रचनाकारांनी या स्क्रूला दर ३०० ते ३५० उड्डाण-तासांनी वंगण घालावे असे सुचविले होते. अलास्का एअरलाइन्समध्ये १९८७ साली ही मुदत ५०० तास होती. १९८८ मध्ये ती १,००० झाली, १९९१ मध्ये १,२००, १९९४ मध्ये १,६००. जुलै १९९६ मध्ये तासांची अटच काढून टाकण्यात आली आणि 'दर आठ महिन्यांनी' असे ठरले. त्या काळी कंपनीची विमाने ज्या प्रमाणात उडत होती त्यानुसार आठ महिने म्हणजे सुमारे २,५५० तास. हिशेब केला तर प्रत्येक विमान दिवसाला सरासरी साडेदहा तास हवेत होते. स्क्रू झिजतो तो फिरण्याने, भिंतीवरील दिनदर्शिकेने नव्हे; आणि मुदत महिन्यांत मोजू लागल्यावर विमान जितके अधिक राबेल तितके दोन वंगणांमधील अंतर वाढत जाणार, हे उघड होते.

याच काळात दुसरी मुदतही वाढत होती. नट आणि स्क्रू यांमधील मोकळीक मोजण्याची तपासणी १९८५ साली दर ५,००० तासांनी होत असे. १९८८ मध्ये ती दर २६ महिन्यांनी, म्हणजे सुमारे ६,४०० तासांनी होऊ लागली. १९९६ मध्ये ती ३० महिन्यांवर, म्हणजे सुमारे ९,५५० तासांवर गेली. वंगण चुकले तर मोजणीत ते सापडावे अशी मूळ व्यवस्था होती. दोन्ही मुदती एकाच सुमारास लांबविल्या गेल्या, तेव्हा एक चूक दुसरीने पकडण्याची वाटच बंद झाली. वंगणाचा प्रस्ताव आणि मोजणीचा प्रस्ताव एकत्र ठेवून कोणी पाहिले असते तर हे दिसण्यासारखे होते.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. देखभालीच्या मुदती वाढविणे हा मुळात लबाडीचा प्रकार नाही. विमानवाहतुकीच्या पहिल्या पिढीत प्रत्येक भाग ठराविक तासांनी उघडून, साफ करून, पुन्हा जोडण्याची पद्धत होती. पुढे युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नोलन व हॉवर्ड हीप या अभियंत्यांनी १९७८ साली अमेरिकी संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानाच्या बहुसंख्य भागांचे बिघडणे त्यांच्या वयाशी बांधलेले नसते, आणि उगाच उघडझाक केल्याने सुरक्षितता वाढतेच असे नाही, हे त्यांनी आकडेवारीने दाखविले. डीसी-८ या विमानाच्या सांगाड्याची २०,००० तासांची मर्यादा गाठेपर्यंत तपासणीवर चाळीस लाखांहून अधिक मनुष्यतास खर्च झाले होते. बोइंग ७४७ ला त्याच मर्यादेसाठी ६६,००० पुरले. म्हणजे 'कमी देखभाल' आणि 'निष्काळजीपणा' हे समानार्थी शब्द नव्हेत. १९७८ सालीच अमेरिकेत विमान कंपन्यांवरील भाडे व मार्गांचे सरकारी नियंत्रण उठले, स्पर्धा वाढली आणि हे नवे शास्त्र कंपन्यांना हवेहवेसे वाटू लागले, हेही खरे. विमाननिर्मात्याच्या मार्गदर्शनातच या स्क्रूच्या वंगणाची मुदत पुढे ३,६०० तास किंवा १५ महिने यांपैकी जे आधी येईल ते, इथवर पोहोचली होती. अलास्काची आठ महिन्यांची मुदत त्याच्या आतलीच होती आणि संघीय विमानवाहतूक प्रशासनाने ती मान्यही केली होती.

मग चुकले कोठे? आमच्या मते ते पुराव्याच्या स्वरूपात चुकले. मुदतवाढीच्या प्रत्येक टिप्पणीत एक वाक्य हमखास असते: 'आजवर या बाबतीत काही अडचण उद्भवलेली नाही.' आम्ही स्वतः अशी वाक्ये शेकड्याने वाचली आहेत. ते वाक्य बहुधा सत्यही असते. परंतु स्क्रूच्या बाबतीत अडचण उद्भवली नव्हती, कारण आजवर वंगण वेळेवर पडत होते. जुन्या कडक मुदतीने मिळविलेले यश नव्या सैल मुदतीच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभे करण्यात आले. पाचशे तासांचा अनुभव हजारासाठी, हजाराचा सोळाशेसाठी, असे एकावर एक रचत गेले. नोलन-हीप यांचे निष्कर्ष ज्या भागांना लागू होते, त्यांत दोन धातू एकमेकांवर घासून झिजण्याचा हा प्रकार बसत नव्हता. येथे वय आणि झीज यांचा संबंध सरळ होता. मूळ रचनाकारांनी ३०० तासांचा आकडा का सुचविला होता, हे मुदती वाढविणाऱ्यांनी मागे जाऊन पाहिले नाही, असे तपासणीत आढळले.

आता सप्टेंबर १९९७ कडे वळू. ते विमान कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील कंपनीच्या देखभाल केंद्रात मोठ्या तपासणीसाठी होते. नटाची मोकळीक मोजली तेव्हा ती ०.०४० इंच, म्हणजे साधारण एक मिलिमीटर भरली. परवानगी होती तीही बरोबर ०.०४० इंचाचीच. मुख्य मेकॅनिकने कार्यपत्रावर मोकळीक कमाल मर्यादेवर असल्याचे लिहिले आणि पुढील कारवाई म्हणून नट बदलावा अशी नोंद झाली. कंपनीच्या भांडारात तो भाग शिल्लक नव्हता. नंतरच्या पाळीत ती नोंद बदलून फेरतपासणी ठरली. पाच वेळा मोजल्यावर ०.०३३ इंच आकडा आला, आणि विमान सेवेत परत गेले. हे सारे नियमात होते. ०.०४० हा आकडाही नियमात होता आणि ०.०३३ तर होताच. सुरक्षा मंडळाने अपघाताचे खापर या फेरमोजणीवर फोडलेले नाही, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. मात्र मोजणीसाठी कंपनीने जे साधन स्वतः घडवून घेतले होते ते निर्मात्याच्या मापाबरहुकूम नव्हते, त्यामुळे मोजमापात फरक पडू शकत होता, हे नंतर उघड झाले. पुढील मोजणी तीस महिन्यांनी, म्हणजे मार्च २००० मध्ये व्हावयाची होती. नट त्याच्या दोन महिने आधीच संपला.

तो किती वेगाने झिजला हेही पाहण्यासारखे आहे. या नटाची अपेक्षित झीज हजार तासांस सुमारे ०.००१ इंच. ओकलंडच्या मोजणीनंतर विमान सुमारे ८,९०० तास उडाले, आणि त्या काळात झीज हजार तासांस ०.०१२ इंच या सरासरीने झाली, म्हणजे बारापट. एवढा फरक केवळ मुदत लांबल्याने पडत नाही; वंगण मुळातच नीट पडत नव्हते. त्या विमानाच्या स्क्रूला शेवटचे वंगण सप्टेंबर १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे घातले गेल्याची नोंद आहे. ते काम करणाऱ्याने आपणास सुमारे एक तास लागतो असे सांगितले. तज्ज्ञांच्या मते हेच काम नीट करावयास चार तास हवेत. शेपटीच्या माथ्यावरील ती जागा अरुंद, हात जेमतेम शिरावा अशी. समुद्राच्या तळातून स्क्रू वर काढला तेव्हा त्याच्या कामाच्या भागावर उपयोगी पडेल असे वंगण सापडले नाही, नटातील वंगणाचा मार्ग वाळलेल्या गाळाने बुजलेला होता, आणि नटाचे उरलेसुरले आटे तारेच्या वेटोळ्यांसारखे स्क्रूला गुंडाळलेले होते. कागदावर मात्र प्रत्येक वंगणाच्या रकान्यात स्वाक्षरी होती.

येथेच मुदतीचा खरा अर्थ कळतो. पाचशे तासांची मुदत असती आणि एका वेळी हात आखडता घेऊन काम झाले असते, तर पुढचे वंगण महिना-दीड महिन्यात पडले असते. आठ महिन्यांच्या मुदतीत एक चुकलेले वंगण म्हणजे सोळा महिने कोरडा स्क्रू. मुदतवाढ मंजूर करताना जो हिशेब केला जातो तो प्रत्येक काम नीट होईल असे धरून केलेला असतो. मूळच्या आखूड मुदतीत मात्र माणसाच्या आळसाची, घाईची व थकव्याची जागा राखून ठेवलेली होती. ती जागा फायलीत कोठे लिहिलेली नव्हती, म्हणून ती अनावश्यक वाटली.

त्या दिवशीच्या उड्डाणाविषयी थोडक्यात. मेक्सिकोतील पोर्टो वायार्टाहून दुपारी निघालेले विमान सॅन फ्रान्सिस्कोमार्गे सिएटलला जावयाचे होते. उड्डाणानंतर लवकरच शेपटीचा पंख जागच्या जागी अडकला. कॅप्टन टेड थॉम्पसन आणि सहवैमानिक विल्यम टॅन्स्की यांनी दोन तासांहून अधिक काळ विमान सांभाळले, कंपनीच्या देखभाल विभागाशी बोलणे केले आणि लॉस एंजेलिसला उतरण्याचे ठरविले. दुपारी ४ वाजून ९ मिनिटांनी नटाचे उरलेले आटे निखळले व विमान ३१,००० फुटांवरून सुमारे दीड मिनिटात सात-आठ हजार फूट खाली आले. दोघांनी ते सावरले. त्यानंतर कॅप्टनने नियंत्रकाकडे समुद्रावरच राहून विमानाचा तोल पडताळून पाहण्याची परवानगी मागितली. खाली वस्ती नसावी हा त्यामागील विचार. दहा मिनिटांनी स्क्रूचे शेवटचे टोकही सुटले. विमान उलटे झाले, आणि उलट्या स्थितीतही ते वर खेचण्याचा दोघांचा प्रयत्न शेवटपर्यंत चालू होता. वैमानिकांच्या संघटनेने दोघांना मरणोत्तर शौर्याचे सुवर्णपदक दिले. ज्या दोषाची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते, तो दोष कित्येक वर्षे जमिनीवरील कागदांत पिकत होता.

अपघातानंतर प्रशासनाने कंपनीची विशेष तपासणी केली तेव्हा देखभाल संचालकाचे पद जवळजवळ दोन वर्षे रिक्त होते असे निष्पन्न झाले. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या वाचकांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

असाच एक प्रकार वीस वर्षे आधी शिकागोत घडून गेला होता. २५ मे १९७९ रोजी अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचे डावे एंजिन उड्डाणाच्या क्षणी खांबासकट निखळले आणि विमानातील २७१ व जमिनीवरील दोघे मरण पावले. निर्मात्याची सूचना अशी होती की आधी एंजिन उतरवावे, मग त्याचा खांब. कंपनीने दोन्ही एकदम, माल उचलण्याच्या फोर्कलिफ्टवर तोलून उतरविण्याची रीत काढली. त्यात दर विमानामागे सुमारे दोनशे मनुष्यतास वाचत. एवढे अवजड धूड थोडे कलले तरी खांबाच्या जोडाला तडा जात असे. काँटिनेंटल एअरलाइन्समध्ये या रीतीने दोन विमानांचे जोड आधीच तडकले होते. ते दुरुस्त झाले आणि प्रकरण तेथेच मिटले, कारण प्रशासनाला कळविण्याइतके ते नुकसान 'मोठे' गणले गेले नाही. त्या दोन तड्यांची माहिती वेळीच सर्वांपर्यंत गेली असती तर शिकागोच्या विमानाचा जोडही कोणी तपासला असता.

देखभाल पुढे ढकलण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो अगदी राजरोस. प्रत्येक विमानासाठी 'किमान उपकरण सूची' असते. कोणते उपकरण बंद असतानाही विमान उडविता येईल आणि ते किती दिवसांत दुरुस्त केलेच पाहिजे, हे तीत दिलेले असते. प्रकारानुसार तीन, दहा किंवा एकशे वीस दिवस. आपल्याकडेही हीच पद्धत आहे. ही सूची नसती तर वाचनाचा एक दिवा गेला म्हणून विमान खोळंबले असते, तेव्हा तिची उपयुक्तता वादातीत आहे. २० ऑगस्ट २००८ रोजी माद्रिद येथे स्पॅनएअरचे एमडी-८२ विमान धावपट्टीपर्यंत जाऊन परत आले, कारण हवेचे तापमान मोजणारी नळी जमिनीवरच तापत होती. आधीच्या दोन दिवसांतही हा बिघाड वारंवार झाला होता. मेकॅनिकने सूची पाहिली. मार्गावर बर्फ जमण्याची शक्यता नसेल तर ही तापक-व्यवस्था बंद ठेवून जाता येते, असे तीत होते. त्याने तिचा वीजपुरवठा तोडला आणि विमान निघाले. घाईत वैमानिकांकडून पंखांचे झडप-पट्टे उघडावयाचे राहिले, आणि हे राहिले आहे असे ओरडून सांगणारी सूचक यंत्रणा मूक राहिली. १७२ पैकी १५४ माणसे गेली. नळी जमिनीवर तापते याचा एक अर्थ असा की विमानाच्या विद्युत-व्यवस्थेला आपण हवेत आहोत असे वाटते. आणि हवेत असताना ती सूचक यंत्रणा बंद असणेच अपेक्षित असते. दोन्हींमागे एकच बिघडलेला रिले होता काय, हे स्पॅनिश तपासणी मंडळाला निर्णायकपणे सिद्ध करता आले नाही. परंतु सूचीने विचारलेला प्रश्न 'याशिवाय जाता येईल काय' एवढाच होता. 'हे असे का होत आहे' हा प्रश्न विचारण्याची जागा तीत नव्हती.

अलास्काच्या प्रकरणाचा शेवट कागदावर असा झाला. अपघातानंतर काही दिवसांतच या जातीच्या साऱ्या विमानांचे स्क्रू तपासण्याचा आदेश निघाला, आणि इतरही काही विमानांत झिजलेले नट सापडले. ओकलंडच्या ज्या मुख्य मेकॅनिकने १९९७ मध्ये ती नोंद केली होती, त्याने १९९८ सालीच देखभालीच्या नोंदींतील गैरप्रकारांविषयी प्रशासनाकडे तक्रार केलेली होती. पुढे त्याने कंपनीवर अब्रुनुकसानीचा दावा लावला व २००१ मध्ये तो तडजोडीने मिटला. सुरक्षा मंडळाने अपुरे वंगण हे मूळ कारण ठरविले, आणि वंगणाची व मोजणीची लांबविलेली मुदत, त्या दोन्हींस प्रशासनाने दिलेली मान्यता, तसेच नट संपल्यावर पंख धरून ठेवील अशी पर्यायी व्यवस्था नसणे, ही सहकारणे म्हणून नोंदविली. मान्यता देणारे कार्यालय कारणांच्या यादीत बसविण्याचे धैर्य मंडळाने दाखविले, हे आम्हांस विशेष वाटते.

२००० सालीच निघालेल्या आदेशाने मोजणी दर २,००० तासांनी सक्तीची केली आणि वंगणाची मुदत ६५० तासांवर आणली. अलास्का एअरलाइन्सने आपले शेवटचे एमडी-८० विमान २००८ साली सेवेतून काढले. तोवर तिच्या प्रत्येक विमानाच्या शेपटीत दर ६५० तासांनी वंगण पडत होते.